‘सॅक’, ‘ले-ऑफ’ आणि ‘काढून टाकले’ यांतला फरक बातमीत दिसू द्या

प्रति,
माननीय संपादक

विषय: नोकरी जाणे व नाते तुटणे यांसाठीच्या इंग्रजी बोलीतील वाक्प्रचारांचा मराठी बातम्यांत होणारा ढिला वापर

महोदय,

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर ‘फायर केले’, ‘सॅक केले’, ‘ले-ऑफ दिला’, ‘पिंक स्लिप हाती ठेवली’ आणि ‘बाहेरचा रस्ता दाखवला’ हे शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत एकमेकांच्या जागी सर्रास येऊ लागले आहेत. एकाच बातमीच्या मथळ्यात ‘हकालपट्टी’, पहिल्या परिच्छेदात ‘ले-ऑफ’ आणि शेजारच्या चौकटीत ‘नारळ’, असा प्रकारही वाचनात आला. तोच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून उपसंपादक शब्द बदलत असावेत आणि त्यांच्या टेबलावरची घाई मी समजू शकतो. परंतु हे शब्द समानार्थी नाहीत. त्यांपैकी काहींत माणसाचा दोष गृहीत धरलेला आहे, काहींत तो नाही, आणि काही तर निर्णय कोणी घेतला हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये म्हणूनच घडवलेले आहेत. शहरातल्या वाचकाला हा फरक बातमीबाहेरून कळतो, कारण त्याच्या ओळखीपाळखीत त्या कंपनीतले कोणीतरी असते. आमच्या तालुक्यात तसे नसते. येथे छापून आलेला शब्द हाच पुरावा धरला जातो, म्हणून हे पत्र.

मी दारव्हा तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आहे. वाक्प्रचार शिकवण्याची आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे: अर्थ पाठ करा, वाक्यात उपयोग करा, गुण घ्या. ‘टू गेट द सॅक’ म्हणजे नोकरीवरून काढले जाणे आणि ‘टू बी लेड ऑफ’ म्हणजेही नोकरीवरून काढले जाणे. दोन्हींसमोर मराठीत एकच ओळ आणि उत्तरपत्रिकेत दोन्हींना सारखेच गुण. याच वर्गांतून निघालेली मुले पुढे हिंजवडीत, हैदराबादेत नाहीतर नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीस लागतात, आणि याच वर्गांतून निघालेली काही मुले वर्तमानपत्रांत जातात. तेव्हा हा ढिलेपणा संपादकीय विभागात जन्मलेला नाही. पण तो दुरुस्त होण्याची जागा मात्र आज तीच आहे.

इंग्रजीत या अर्थाचे बोलीतले शब्द विपुल आहेत आणि त्यांपैकी बरेच कारखान्याच्या, लष्कराच्या किंवा कचेरीच्या रोजच्या व्यवहारातून आलेले आहेत. कारागीर आपली हत्यारे स्वतःच्या पिशवीत घेऊन कामावर येई आणि काम सुटले की मालक ती पिशवी त्याच्या हाती देई, असे ‘सॅक’चे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. हा प्रयोग इंग्रजीत १९ व्या शतकाच्या पूर्वार्धापासून आढळतो, तर फ्रेंचमध्ये तशीच पिशवी देण्याची भाषा १७ व्या शतकातही होती. ‘फायर’ अमेरिकेतला, १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातला. ‘डिस्चार्ज’ या शब्दाचे बंदूक झाडणे आणि नोकराला मोकळे करणे असे जे दोन अर्थ होतात, त्यांवरची ती कोटी आहे. नको असलेल्या कामगाराची हत्यारे किंवा झोपडी जाळून टाकत म्हणून ‘फायर’ म्हणतात, ही कथा मोबाइलवर फिरत असते आणि शिकवणी वर्गांतही मोठ्या रंगाने सांगितली जाते. तिला काहीही आधार नाही. ‘बूट देणे’ म्हणजे लाथ, ‘ॲक्स’ म्हणजे कुऱ्हाड. हे सांगण्याची गरज नाही.

यांतले कागदाशी जोडलेले प्रयोग मला अधिक बोलके वाटतात. ब्रिटनमध्ये कामगाराचे राष्ट्रीय विम्याचे कार्ड मालकाच्या ताब्यात असे आणि नोकरी सुटली की ते परत मिळे, म्हणून ‘त्याला त्याची कार्डे मिळाली’ याचा अर्थ त्याला काढले असा झाला. आता तिथे ‘पी ४५ मिळाला’ असे म्हणतात. पी ४५ हा नोकरी संपताना मिळणारा कराचा कागद असून तो स्वतःहून राजीनामा देणाऱ्यालाही मिळतो, परंतु बोलण्यातला अर्थ बहुधा काढून टाकल्याचाच असतो. अमेरिकेतील ‘वॉकिंग पेपर्स’ आणि ‘पिंक स्लिप’ ही त्याच कुळातली. आमच्याकडे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, हंगाम सरल्यावर किंवा मुकादमाशी बिनसल्यावर मजुराचा ‘हिशोब करून दिला’ असे म्हणतात. हिशोब स्वतः मागून घेतला असेल, तर तो मजूर ते आवर्जून सांगतो: ‘म्या हिशोब घेतला, त्यायनं देल्ला नाही.’ कोणी घेतला आणि कोणी दिला, हा भेद अक्षरशत्रू माणसालाही महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या जिनिंगवर त्याच्याबद्दल पहिला प्रश्न तोच विचारला जातो.

सालगड्याच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याच्या, बाबतीतही हेच आहे. आमच्या भागात साल गुढीपाडव्याला ठरते. साल भरले की गडी जातो किंवा नव्याने बोलणी होतात. त्यात काढणे नाही की सोडणे नाही, कोणाची मान खाली जात नाही. मध्येच काही झाले तर मात्र ‘साल मोडले’ असे म्हणतात आणि ते मालकाने मोडले की गड्याने, यावर लगेच चार माणसांत चर्चा होते, कारण घेतलेली उचल परत करायची की नाही आणि किती, हे त्या उत्तरावर ठरते. ज्या समाजाच्या बोलीत इतका काटेकोरपणा आहे, त्याच समाजाला छापील मराठीत मात्र सरसकट ‘काढले’ वाचावे लागते.

आता दुसऱ्या जातीच्या शब्दांकडे वळतो. ‘लेट गो’ हा त्यांतला सर्वांत चतुर. शब्दशः पाहिले तर मालकाने धरून ठेवलेला कामगार जाण्यासाठी धडपडत होता आणि मालकाने उदार होऊन त्याला जाऊ दिले, असे चित्र उभे राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने ११,००० हून अधिक कर्मचारी कमी केले, तेव्हा कंपनीच्या प्रमुखांच्या पत्रात हाच प्रयोग होता. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने सुमारे १२,००० जणांची कपात जाहीर केली, तेव्हा त्या निवेदनात माणसांऐवजी ‘रोल’ कमी केल्याचे म्हटले होते, म्हणजे गेल्या त्या भूमिका. त्या भूमिकांत बसलेली माणसे वाक्याच्या बाहेरच राहिली. ‘डाउनसायझिंग’ हा शब्द १९७० च्या दशकात अमेरिकी मोटार उद्योगात गाड्यांचे आकार लहान करण्यासाठी वापरात आला आणि पुढे माणसांना लावला गेला. तोही कानाला खटकू लागला, तेव्हा ‘राइटसायझिंग’ आला, म्हणजे आधीचा आकारच चुकीचा होता असे ठरले. ‘गोल्डन हँडशेक’, म्हणजे घसघशीत रक्कम हाती ठेवून दिलेला निरोप, आपल्याकडे बँकांच्या २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेच्या वेळी घराघरांत पोहोचला. अशा शब्दांचे भाषांतर करताना कंपनीची मखमल तशीच ठेवावी की काढावी, हा प्रश्न संपादकाने स्वतःला विचारायला हवा. ‘कर्मचाऱ्यांना कार्यमुक्त केले’ असे लिहिणे ही मखमलच आहे, आणि शिवाय ते चूकही आहे, कारण शासकीय मराठीत बदली झालेल्या कर्मचाऱ्याला कार्यमुक्त करतात. त्याची नोकरी जात नाही.

‘ले-ऑफ’ या शब्दाचे दुखणे वेगळे आहे. पुलगाव, हिंगणघाट, अचलपूर, अकोला येथील कापड गिरण्यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्या पिढीला हा शब्द मराठी असल्यासारखाच परिचित आहे आणि तिला त्याचा नेमका अर्थही ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे (१९४७) कच्चा माल, कोळसा किंवा वीज नसल्याने अथवा यंत्र बिघडल्याने मालक काम देऊ शकत नाही, अशी अवस्था म्हणजे ले-ऑफ. त्यात कामगाराचे नाव मस्टरवर कायम राहते आणि अटी पूर्ण करणाऱ्याला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. कायमचे कमी करणे म्हणजे कपात, इंग्रजीत रिट्रेंचमेंट. तिच्यासाठी एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, अशी तरतूद त्या कायद्यात होती. शिस्तभंगाबद्दल दिलेली शिक्षा या कपातीत मोडत नाही, असे व्याख्येतच म्हटले होते. त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही ले-ऑफ आणि कपात यांच्या व्याख्या वेगवेगळ्याच ठेवलेल्या आहेत. अमेरिकेतसुद्धा हा शब्द आधी मंदीपुरते घरी बसवण्यासाठी होता. आज संगणक कंपन्या तो कायमच्या कपातीसाठी वापरतात आणि आपली बातमी तो तसाच उचलते. परिणामी गिरणीतून निवृत्त झालेले आजोबा ‘ले-ऑफ’ वाचून नातवाला दोन-तीन महिन्यांत परत बोलावतील अशा भरवशावर राहतात, तर बारावी झालेला शेजारी तोच शब्द वाचून त्याला हाकलले असे समजतो. दोघांचाही समज खोटा असतो.

हा शेजारी महत्त्वाचा आहे. गेल्या वर्षी माझ्या एका माजी विद्यार्थ्याची पुण्यातली नोकरी गेली. त्याच्या कंपनीने एक संपूर्ण प्रकल्प बंद केला, त्यावर काम करणारी सगळी मंडळी कमी झाली, त्यांत हाही होता. त्याच आठवड्यात अशाच एका मोठ्या कपातीची बातमी ‘हकालपट्टी’ या मथळ्याखाली प्रसिद्ध झाली. पारावरची प्रतिक्रिया मी माझ्या कानांनी ऐकली: ‘काई तरी केलंच असन पोट्ट्यानं, उगाच कोन हाकलते कामावरून?’ मुलाच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. मुलीकडच्यांनी कारण न सांगता निरोप पाठवणे थांबवले. बातमीमुळेच असे झाले, असा दावा मी करत नाही. पण त्या बातमीतला शब्द मुलाच्या वडिलांना अनेक घरी जाऊन खोडून काढावा लागला, हे मी पाहिले आहे, आणि एका शेतकऱ्याने ‘प्रकल्प बंद झाला’ आणि ‘पोराला काढला’ यांतला फरक समजावून सांगत हिंडावे, ही वेळ त्याच्यावर येण्याचे कारण नव्हते.

ब्रिटनमध्ये हा फरक भाषेत आणि कायद्यात दोन्हीकडे घट्ट रुजला आहे. तिथे ‘सॅक्ड’ आणि ‘रिडन्डंट’ हे शब्द सामान्य माणूसही एकमेकांच्या जागी वापरत नाही. पद राहिले नाही म्हणून माणूस गेला, तर तो ‘रिडन्डंट’, आणि १९६५ च्या कायद्यापासून अशा कामगाराला, त्याची पुरेशी सेवा झालेली असल्यास, ठरावीक भरपाईचा हक्क मिळाला. ‘रिडन्डंट’चा शब्दार्थ ‘अनावश्यक’ असा क्रूर आहे खरा, परंतु तो सांगणाऱ्याची मान खाली जात नाही. ‘सॅक्ड’ सांगणाऱ्याची जाते.

आपल्या मराठीत शब्द नाहीत म्हणून हे होते, असेही नाही. उलट शब्द इतके आहेत की कोणता कुठे हेच विसरले गेले आहे. ‘नारळ देणे’ यात निरोपाचा मान आहे आणि त्यावरचा उपरोध आहे, ‘अर्धचंद्र देणे’ यात मानगूट धरणाऱ्या अंगठ्याचा आणि बोटांचा आकार आहे, ‘डच्चू’ खेळकर आहे, ‘उचलबांगडी’त अधिकाऱ्याची बदलीही येते, ‘घरी बसवणे’ यात माणसाने घरी बसावे इतकीच अपेक्षा आहे, पुढचे काही नाही. ‘रामराम ठोकला’ म्हटले की जाणारा स्वतःहून गेला, हे निर्विवाद. आपल्या राजकीय पानावर हे सारे शब्द आनंदाने नांदतात आणि तिथे ते शोभतातही. मंत्रिमंडळातून डच्चू मिळालेला नेता दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेऊ शकतो, उमेदवारीतून पत्ता कट झालेला बंडखोरी करू शकतो, पक्षाला सोडचिठ्ठी देणारा दुसऱ्या पक्षात सत्काराचे हार घालून घेतो. पंधरा हजार रुपये महिन्याच्या कंत्राटी परिचारिकेला डच्चू मिळत नाही. तिचा ११ महिन्यांचा करार संपतो, मध्ये एक दिवसाचा तांत्रिक खंड पडतो, आणि एखाद्या वर्षी त्या खंडानंतरचा आदेश निघतच नाही. तिला कोणी काढले नाही, तिने राजीनामा दिला नाही, आणि नोकरी तर गेली. या प्रकाराला बोलीइंग्रजीतला कुठलाही चटपटीत शब्द लागू पडत नाही, आणि मराठीतला खेळकर शब्द लावणे हा तिचा अपमान आहे. तिथे ‘पुनर्नियुक्ती दिली नाही’ असे सरळ लिहावे. जागा थोडी जास्त लागेल, पण कर्ता कोण ते वाक्यात राहील.

एस. टी. महामंडळाच्या कर्मचाऱ्यांचा २०२१-२२ चा दीर्घ संप आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्या महिन्यांत विदर्भातल्या आगारागारांतून निलंबन, सेवासमाप्ती आणि बडतर्फी या तीन शब्दांच्या बातम्या रोज येत होत्या, आणि त्या वेळी आपल्या दैनिकासह बहुतेक मराठी वर्तमानपत्रांनी ते शब्द बऱ्याच काळजीने वापरले, याची नोंद मी मुद्दाम करतो. निलंबित चालकाची नोकरी गेलेली नसते, त्याला निर्वाह भत्ता मिळतो, चौकशी बाकी असते. रोजंदारीवरच्या कर्मचाऱ्याची सेवासमाप्ती होते. बडतर्फी ही शिक्षा आहे. शासकीय सेवेत तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिलीनंतर माणूस पुढे शासकीय नोकरीस अपात्र ठरत नाही, दुसरीनंतर सामान्यतः ठरतो. इतका काटेकोरपणा मराठी बातमीला जमतो, हे संपाच्या काळात सिद्ध झालेले आहे. मग पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांची बातमी आली की तो कुठे जातो? मला वाटते, ती बातमी इंग्रजी वृत्तसंस्थेकडून येते आणि इंग्रजी मथळ्यातला चटका मराठीतही उतरावा, असा मोह होतो.

राजीनाम्याचाही एक प्रकार येथेच सांगतो. भारतीय इंग्रजीत राजीनामा देण्याला ‘पेपर टाकणे’ म्हणतात, आणि आमची मुले आता मराठीतही तसेच बोलतात. परंतु ‘पेपर टाकले’ आणि ‘पेपर टाकायला लावले’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मनुष्यबळ विभागाने खोलीत बोलावून ‘आत्ताच राजीनामा द्या, नाहीतर अनुभव पत्रावर शेरा येईल’ असे सुचवले, तर कागदावर तो राजीनामाच दिसतो, आणि कपातीची नोटीस व भरपाई देण्याचा प्रश्नच उरत नाही. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याने या गोष्टीची दखल घेतलेली आहे: राजीनामा दोन प्रतींत, सही व तारखेसह असावा आणि त्याची एक प्रत नोंदणीकृत डाकेने व्यवस्थापनाकडे पाठवावी, असे त्यात सांगितले आहे. कोऱ्या कागदावर घेऊन ठेवलेल्या सहीचा कोणी राजीनामा बनवू नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे. संगणक कंपन्यांच्या बातमीत ‘अनेकांचे राजीनामे’ असा शब्द येतो, तेव्हा ते दिले की घेतले, एवढी विचारणा वार्ताहराने करायला हरकत नसावी.

नाते तुटण्याच्या भाषेकडे येतो. इंग्रजीत नोकरी आणि प्रेम यांचा बराच शब्दसाठा सामाईक आहे. ‘बूट’, ‘वॉकिंग पेपर्स’ आणि ‘मार्चिंग ऑर्डर्स’ हे प्रियकरालाही मिळतात. १९ व्या शतकातल्या अमेरिकेत विवाहेच्छूला नकार मिळाला, तर त्याला ‘मिटन’ म्हणजे हातमोजा मिळाला असे म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आघाडीवरच्या अमेरिकी सैनिकाला घरून येणाऱ्या नात्याच्या शेवटच्या पत्राला ‘डिअर जॉन’ पत्र हे नाव पडले. आजची पिढी ‘डम्प’, ‘डिच’ आणि ‘घोस्टिंग’ म्हणते. घोस्टिंग म्हणजे काही न सांगता संपर्क तोडून अदृश्य होणे. मुलाखत घेऊन मग कधीच न कळवणाऱ्या कंपन्यांनाही ते आता लावले जाते. (वर सांगितलेल्या सोयरिकीला आमच्या विद्यार्थ्यांनी हाच शब्द वापरला, आणि तो अगदी बरोबर होता.)

‘डम्प’ म्हणजे कचऱ्यासारखे टाकणे. हा शब्द इंग्रजी समाजाच्या उथळपणाचे लक्षण आहे, असे आपल्या एका स्तंभात काही काळापूर्वी वाचले आणि मला ते पटले नाही. ‘नवऱ्याने टाकलेली’ हा शब्द आपणच घडवला आहे, आणि तो थट्टेत नव्हे, गंभीरपणे वापरतो. फरक असलाच तर एवढा की, इंग्रजीत ‘डम्प’ कोणालाही करता येते आणि कोणाचेही होते. आपल्या भाषेत टाकली जाते ती नेहमी बाईच. ‘बायकोने टाकलेला’ असे कोणी म्हणत नाही. ‘घटस्फोट’ हा आज आपल्याला सभ्य, न्यायालयीन शब्द वाटतो, पण मुळात माणसाला जातीबाहेर काढताना घडा उपडा करण्याचा वा फोडण्याचा जो विधी होता, त्याचे ते नाव आहे. ‘काडीमोड’मध्ये पंचांसमोर मोडलेली काडी आहे. ‘फारकत’ हा शब्द अरबी-फारसीतून आलेला असून त्याचा मूळ संबंध हिशोब चुकता होऊन मिळालेल्या लेखी मोकळिकीशी आहे, म्हणजे जिनिंगमधल्या हिशोबाचाच तो चुलतभाऊ. नोकरी आणि नाते यांचा शब्दसाठा आपल्याकडेही एकच असण्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

या बाबतीत माझी हरकत एका विशिष्ट ठिकाणी आहे. गुन्ह्याच्या बातम्यांत ‘ब्रेकअप झाल्याने तरुणाचे टोकाचे पाऊल’, ‘प्रेयसीने डच्चू दिल्याने हल्ला’ असे मथळे येतात. ‘ब्रेकअप’ या शब्दाला कर्ता नाही. पाऊस पडावा तसा तो होतो. ‘डच्चू’ला कर्ता आहे आणि तो मुलगी आहे, म्हणजे हल्ला करणारा आधी पीडित ठरतो आणि मग आरोपी. प्रत्यक्ष घटना पुष्कळदा अशी असते की, मुलीने कधीच होकार दिलेला नव्हता, किंवा दिलेला होकार परत घेतला, आणि दोन्हींचा तिला अधिकार होता. तिथे ‘मुलीने नकार दिला होता’ असे चार शब्द पुरेसे आहेत. ‘डम्प’, ‘धोका’, ‘डच्चू’ यांपैकी कोणताही शब्द गुन्ह्याच्या पानावर नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मनोरंजनाच्या पुरवणीत नटनट्यांना ते खुशाल लावावेत, त्यांची हरकत दिसत नाही.

शेवटी काडीमोडीच्या बातम्यांविषयी एक विनंती. आपल्या जिल्हा आवृत्तीत अधूनमधून ‘पंचांसमोर काडीमोड’, ‘स्टॅम्पवर फारकत’ अशा बातम्या येतात आणि त्यांत दोघे ‘विभक्त झाले’ असे लिहिलेले असते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २९(२) ने रूढीने मान्य असलेली फारकत राखून ठेवली आहे, हे खरे. परंतु ती रूढी त्या समाजात खरोखर चालत आलेली आहे, हे वाद झाल्यास सिद्ध करावे लागते, आणि नोटरीचा शिक्का मारलेला मुद्रांक कागद स्वतःच्या बळावर लग्न मोडू शकत नाही. गावात मात्र ‘पेपरात आलं, आता सुटलं’ असेच समजले जाते. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले जात होते, तेव्हा पात्र महिलांच्या यादीत ‘घटस्फोटित’ आणि ‘परित्यक्ता’ हे दोन वेगळे शब्द होते, आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठीही स्त्रीला आपली नेमकी स्थिती कागदाने दाखवावी लागते. हाती केवळ फारकतीचा स्टॅम्प असलेली बाई स्वतःला घटस्फोटित सांगते, खिडकीवरचा कर्मचारी न्यायालयाचा हुकूमनामा मागतो, आणि ती माघारी येते. तेव्हा अशी बातमी पुन्हा येईल त्या वेळी, तालुक्याच्या विधी सेवा समितीत मोफत सल्ला मिळतो आणि तिथे तो कागद आधी दाखवून घ्यावा, एवढे एक वाक्य आपल्या वार्ताहराने त्या बातमीत जोडावे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ